पंचांच्या खणातला फासा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे आणि सध्या पंचांच्या खणात, एका गंजलेल्या टाचणीशेजारी, शिक्षा भोगतो आहे.

साच्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर एकही डाग नव्हता. मग एका बाईंनी बारीक कुंचल्याने एकवीस ठिपके दिले. पत्त्यांच्या स्पर्धेत माझे काम एकच: पहिली पाळी कोणाची, ते सांगणे. बारा वर्षे ते मी इमानाने केले. जिंकणारे मला मुठीत गोंजारत. हरणारे असे बघत, जणू पत्ते मीच पिसले होते.

स्पर्धेच्या सकाळी पंच नियम वाचत. वेळ संपल्याची घंटा झाली की आणखी पाच पाळ्या. तरीही निकाल नसेल तर बरोबरी. एकाने आपणहून ‘मी हरलो’ म्हटले तर चालते. मात्र त्याबद्दल देणेघेणे नको आणि निकाल फाशावर ठरवायचा नाही. मला सगळे पाठ होते. खेळाडू तेवढ्यात चहा पिऊन घेत.

यंदा अंतिम आठांच्या आधीच्या फेरीत एक शिंपी आणि त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, समोरासमोर आले. जिंकेल तो अंतिम आठांत. बरोबरी झाली तर दोघेही घरी. शिंप्याला अकरा वर्षांत एकदाही आठांत जाता आले नव्हते आणि आता डोळे जात चालले होते. सुईत दोरा बायको ओवून देते.

घंटा झाली. पाच पाळ्याही संपल्या. चिठ्ठीवर निकाल लिहायचा तेवढा राहिला.

“दाजी, हरलो म्हणा ना.”

“तुझ्या बहिणीसमोर रोज म्हणतो. इथेही म्हणू?”

“पुढच्या वर्षी मला राजा आणि गुलाम सारखेच दिसतील.”

दाजींनी निकालाची चिठ्ठी जवळ ओढली. त्यांचे मन विरघळले होते, मला टेबलावरून स्पष्ट दिसत होते. पण तोंडातून शब्द निघेना. “टाक फासा,” ते म्हणाले. “लहान आकडा हरला. कोणाचे कोणावर उपकार नकोत.”

मी ओरडलो. फाशाला तोंड नसते, तरी सहाही बाजूंनी ओरडलो. शिंप्याने मला टाकले. आकडा दाखवायचाच नाही म्हणून मी जीव खाऊन कडेकडे धावलो आणि खाली उडी घेतली. थांबलो तो थेट पंचांच्या बुटाशी.

“काय ठरवत होतात?” पंचांनी विचारले.

शिंप्याला खोटे बोलता येत नाही. “कोणी हरायचं ते.”

दोघेही बाद झाले. मी जप्त झालो.

दाराशी दाजी हळूच म्हणाले, “मी म्हणणारच होतो रे.”

“कधी?” शिंप्याने विचारले आणि चष्मा पुसत बसला.

मित्रांनो, मला डबीत ठेवू नका, पुसू नका, कुठे हरवलेत तरी चालेल. पण ओठांवर आलेली गोष्ट माझ्यावर टाकू नका. माझ्या सहा बाजूंपैकी एकीवरही ‘मी हरलो’ असे लिहिलेले नाही. ते माणसालाच म्हणावे लागते आणि समोरचा वाट पाहत असेपर्यंतच म्हणावे लागते.