बाकाची साक्ष चालत नाही

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. मला मोडका म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. खरं तर माझं भांडण बऱ्याच जणांशी आहे. ज्या सरकारी कचेरीत मी निम्मं आयुष्य काढलं, तिच्याविषयी मी गोड बोलेन अशी कुणी आशा करू नये.

मला घडवणारा सुतार तोंडाने फटकळ, पण हाताचा पक्का होता. मी लहान मुलांच्या दवाखान्यात जाणार होतो, म्हणून त्याने माझी एकूणएक कड गोल केली. "पोरं धडपडणारच," रंधा मारता मारता तो म्हणायचा, "निदान बाकाने तरी त्यांना लागू नये." दवाखान्यात माझं फार कौतुक झालं. आया माझ्यावर लेकरांना निजवत, आणि एक परिचारिका मला रोज ओल्या फडक्याने पुसायची. मग तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी या कचेरीच्या बोळात झाली. इथे अपंगत्वाचे दाखले मिळतात. मिळतात कसले, लोक मागत बसतात!

इथे मला फडकं कधी लागलं नाही. माझा एक हात निखळला, तेव्हा शिपायाने त्यावर पत्र्याची पट्टी ठोकली. तिचं टोक वर उचकटलेलं राहिलं. बसणारे सांगायचे, "अहो, कुणाला तरी लागेल हे." शिपाई म्हणायचा, "मग जपून बसा."

बोळाच्या टोकाला एक खिडकी आहे. तिथे बसणाऱ्या कारकुनाला सगळे 'परवासाहेब' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो 'परवा या' म्हणतो. त्याच्या मागच्या खोलीत तपासणीचे डॉक्टर बसतात. पण परवासाहेबाने सोडल्याशिवाय तिथवर माशीसुद्धा पोचत नाही.

एके दिवशी माझ्यावर एक मायलेकींची जोडी येऊन बसली. लेक शिवणकारखान्यात मशीनवर काम करायची. तिला फिट यायची. एकदा चालत्या मशीनवरच आली, सुई बोटातून आरपार गेली आणि दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं. आई दिवसभर एका खानावळीत भांडी घासायची, संध्याकाळी दुसरीकडे. तोवर लेक घरात एकटी. मागच्याच महिन्यात ती पेटत्या शेगडीजवळ कोसळली होती. सरकारी मदत मिळाली, तर आई संध्याकाळचं काम सोडून लेकीजवळ थांबणार होती. एवढंच हवं होतं त्यांना.

परवासाहेबाने लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आईने तिला धुतलेले कपडे घालून, नीट वेणी घालून आणलं होतं. कचेरीत जायचं म्हणजे नीटनेटकं जायला नको?

"हात धड, पाय धड. हिला काय झालंय?"

"फिट येते, साहेब."

"मग आत्ता का नाही येत?"

"ती काय सांगून येते का?"

"मग आली की या," परवासाहेब म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर हसला. मला हात उचलता आला असता, तर काय केलं असतं ते मित्रांनो, तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

मग त्याने खरी मेख मारली. औषधाची चिठ्ठी पुरायची नाही. घराबाहेरच्या कुणीतरी फिट डोळ्यांनी पाहिली आहे, असं सांगायला हवं. शेजारीण आणा, कारखान्यातलं कुणी आणा. आई खिडकीपासून मागे फिरली. कारण शेजारणीला तिने कायम सांगितलं होतं, की पोरीला उन्हाने चक्कर येते. कारखान्यातही तेच. नातेवाइकांतही तेच. लेक शाळेत होती तेव्हापासून त्या माउलीने एकच काम इमानेइतबारे केलं होतं, ते म्हणजे झाकण्याचं. पोरीला लोक नावं ठेवतील, तिचं कुठे जमायचं नाही, या धास्तीने.

"आता कोणत्या तोंडाने सांगू गं?" ती माझ्यावर बसून पुटपुटली.

"याच तोंडाने सांग," लेक फणकारली. "पुढच्या वेळी मी शेगडीत पडेन, तेव्हा सांगशील का?"

तरीही त्या येत राहिल्या. परवा, परवा करत कितीतरी परवा गेले. असल्या खेपांत लेकीची झोप मोडली, गोळ्यांच्या वेळा चुकल्या, आणि एका सकाळी माझ्यावर बसल्या बसल्याच तिचे डोळे फिरले. अंग ताठ झालं, ती एका कुशीवर कोसळली आणि तिचं कपाळ थेट त्या पत्र्याच्या टोकावर आदळलं. मग सगळं अंग झटके देऊ लागलं. बोळ माणसांनी भरला होता. सगळ्यांनी पाहिलं. कुणी ओरडलं, "तोंडात चमचा घाला!" शेजारी कुबड्या घेऊन बसलेले आजोबा खेकसले, "काही घालू नका! कुशीवरच राहू द्या तिला."

गलका ऐकून आतले डॉक्टर दारात आले. स्वतः डॉक्टर! ज्यांच्यापुढे उभं राहायला या बायका महिनोन्महिने जोडे झिजवत होत्या, ते दहा पावलांवर उभे होते.

आणि आईने काय करावं? अंगावरची शाल ओढून लेकीवर टाकली. पुढ्यात आडवी बसली आणि म्हणाली, "काही नाही, काही नाही! उपाशी आहे, चक्कर आली."

डॉक्टर म्हणाले, "पाणी द्या तिला," आणि आत गेले.

अगं बाई, अगं बाई गं! माझी फळी न् फळी ओरडत होती, पण लाकडाचं कोण ऐकतं?

लेक हळूहळू भानावर आली. कपाळावरून रक्त ओघळत होतं. तिने आधी दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "पाहिलं का गं त्यांनी?"

आईने शालीत तोंड खुपसलं. मग ताडकन उठली आणि खिडकीवर दोन्ही हात आपटले. "फिट होती ती! माझ्या लेकीला फिट येते, बारीक होती तेव्हापासून येते! लिहा!"

"मघाशी तुम्हीच चक्कर म्हणालात," परवासाहेब म्हणाला.

"आम्ही पाहिलंय!" आजोबा ओरडले. बोळातले सगळेच ओरडले.

"तुम्ही सगळे अर्जदार. तुमची साक्ष चालत नाही." मग त्याची नजर माझ्यावरच्या रक्तावर गेली. "अरे शिपाई, हा बाक धोक्याचा आहे. उचल तो."

मित्रांनो, त्या पोरीला पुरावे मागून मागून रडकुंडीला आणलं. माझा निकाल मात्र जेवणाच्या सुट्टीआधी लागला! ना साक्षीदार, ना तपासणी. मला मागच्या आवारात, त्याच खिडकीखाली फेकलं. आता ऊन खातो आणि आतलं ऐकतो.

तुम्ही शहाणे व्हा. कुणाला फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, तोंडात काही कोंबू नका. आणि दुखण्याची लाज बाळगू नका. लाज वाटायची ती खिडकीपलीकडच्यांना वाटू दे.

कालच तो ओळखीचा आवाज आला. आईबरोबर या वेळी शेजारीण होती. "चक्कर नाही हो, फिटच," ती ठणकावून सांगत होती. "या माउलीने परवा सगळं सांगितलं, आणि काल संध्याकाळी मी समोर बसून पाहिली."

"बरं. परवा या."

"परवा नाही," आई म्हणाली. "आम्ही इथेच बसतो."

"बसायला बाक नाही इथे."

"मग फरशीवर बसतो. लेकही बसेल. तिला फिट आली तर तुमच्या दारात येईल, आणि आता मी तिच्यावर शाल टाकणार नाही."

खिडकी धाडकन लागली. मी बराच वेळ कान देऊन होतो. बाहेर जाणारी पावलं काही ऐकू आली नाहीत.