मुलाला कशाला फोन केलात?

“आ करा. अजून मोठा.”

डॉक्टरांनी बॅटरीचा झोत तिच्या घशात टाकला. “लाल दिसतोय जरा. गार काही घेतलंत?”

“नाही,” ती म्हणाली, आणि बारा दिवस मनात घोळवलेलं वाक्य तिने एका दमात बोलून टाकलं. “एका माणसाशी माझा संबंध आला, डॉक्टर. फक्त तोंडाने. त्यातून काही रोग होतो का, तेवढं सांगा.”

डॉक्टरांनी बॅटरी विझवली आणि खुर्ची मागे सरकवली. मुलाच्या गोवरापासून नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत सगळं तिने याच खोलीत आणलं होतं. म्हणून तर ती इथे आली होती.

“वय काय तुमचं?”

“सत्तेचाळीस. कार्डावर आहे.”

“नवऱ्याला जाऊन?”

“नऊ वर्षं.”

“घरात सून आहे, नात आहे. शोभतं का हे?”

“मी रोगाचं विचारलं, डॉक्टर.”

त्यांनी कागद पुढे ओढला. कागदावर गोळ्या लिहिल्या, खाली सात तपासण्यांची यादी लिहिली आणि उठून कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. तिच्या अंगाला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागात होती. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोन टोकं धरायची, झटकायची, घडी घालायची. दिवसाला तीनशे चादरी. बॉयलर सांभाळणारा माणूस तिच्याच वयाचा, घटस्फोटित, कमी बोलणारा. वाफ कमी पडली की ती ओरडायची, “अहो, झोपलात का?” आणि तो आतून म्हणायचा, “तुम्ही झोपू देता होय!” यातच दोन वर्षं गेली. मग एका सुट्टीच्या दुपारी ती त्याच्या खोलीवर गेली. कुणी कुणाला फसवलं नाही, कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. पुढचं पुढे बघू म्हणत झालं ते तोंडापुरतं झालं, आणि परतताना ती कितीतरी वर्षांनी रस्त्याने गुणगुणत आली.

तिसऱ्या दिवशी घसा धरला.

तिने मोबाइलवर शोधलं. एका ठिकाणी काही होत नाही म्हणून लिहिलं होतं, दुसऱ्या ठिकाणी असे फोटो होते की तिला जेवण जाईना. तिने आपला पेला वेगळा केला. नात गळ्यात पडायला आली की ती तोंड फिरवायची. “आजीला सर्दी झालीय गं,” म्हणायची आणि न्हाणीघरात जाऊन आरशासमोर आ वासून उभी राहायची.

डॉक्टरांकडून ती कामावर गेली. संध्याकाळी घरी आली, तेव्हा मुलगा बूट न काढताच खुर्चीत बसला होता.

“डॉक्टरांचा फोन आला होता मला. ऑफिसात.”

तिला आधी कळेचना. “कशाला?”

“आईकडे लक्ष द्या म्हणाले. घरात लहान मूल आहे म्हणाले. कोण आहे तो, आई?”

“त्यांनी तुला सांगितलं?”

“मी काय विचारतोय?”

“आणि मी काय विचारतेय? माझ्या घशाचं दुखणं त्यांनी तुला सांगितलं?”

सून आतून आली. तिने नातीला उचललं आणि खोलीचं दार लावून घेतलं. ते दार लागलं आणि इतके दिवस तिच्या पोटात असलेली भीती पार सुकून गेली. तिच्या जागी संताप आला. रात्रभर तो तसाच होता, सकाळीही तसाच.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सरकारी रुग्णालयात गेली. तपासणी केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी आधी दार ओढून घेतलं.

“तुमच्या मर्जीने झालं ना?”

हा प्रश्न तिला अजून कुणी विचारलाच नव्हता. “हो,” ती म्हणाली. “माझ्या मर्जीने.”

“बरं. मग नीट ऐका. तोंडाच्या संबंधातून एचआयव्ही व्हायची शक्यता फार म्हणजे फारच कमी. परमा, गरमी असले गुप्तरोग घशाला होऊ शकतात, पण ते तपासता येतात आणि औषधाने बरे होतात. आज घशाचा नमुना घेऊ, रक्तही घेऊ. रक्ताची खात्री मात्र तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर. त्यांनाही तपासून घ्यायला सांगा.”

“आणि पेला? घरात नात आहे माझी.”

“पेल्याने यातलं काही होत नाही. नातीला खुशाल जवळ घ्या. धुलाईत काम करता म्हणालात, तर घसा बहुतेक वाफेने धरलाय तुमचा. आणि हे बघा, इथलं कागदावरचं कुणाला कळणार नाही. तुमच्या मुलालासुद्धा नाही.”

पुढे दोन्ही वेळचे अहवाल स्वच्छ आले, बॉयलरवाल्याचेही. पण त्या दिवशी तिला ते ठाऊक नव्हतं. तरी ती तिथून घरी न जाता थेट डॉक्टरांकडे गेली.

बाहेरच्या बाकांवर सात-आठ पेशंट होते. डॉक्टर एकाला सोडायला दारापर्यंत आले आणि तिला पाहून थबकले.

“आत या. आत बोलू.”

“आत बोलले होते, डॉक्टर. ते बाहेर गेलं. आता इथेच बोलते. माझ्या मुलाला कशाला फोन केलात?”

“तुमच्या भल्यासाठीच...”

“मला विचारलंत? मी प्रश्न घेऊन आले होते, त्याचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. ते तुम्हाला देता आलं नाही, आणि फोन बरा करता आला!”

“अहो, हळू. अहवाल आले का? काही निघालं का?”

“काहीही निघो. निघालं असतं तरी ते माझं होतं.” तिने हात पुढे केला. “माझं कार्ड द्या. घरातल्या सगळ्यांची द्या.”

डॉक्टर आत निघून गेले. कंपाउंडरने खण उघडला आणि खाली मान घालून पाच कार्डं काढून दिली. त्यातलं एक नवऱ्याचं होतं, कडा पिवळ्या पडलेलं.

ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. मुलगा घरी बोलेल की नाही, सून दार उघडेल की नाही, काहीच माहीत नव्हतं. फाटकाशी थांबून ती कार्डं एकावर एक नीट लावू लागली.

मागून चपलांचा आवाज आला. बाकावरची एक बाई होती, तिशीची असेल, पदर घट्ट लपेटलेला. आपला नंबर सोडून आली होती. आधी मागे वळून दवाखान्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“ताई,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्हाला ते उत्तर कुठे मिळालं?”

तिने सांगितलं. रुग्णालय, मजला, खोलीचा नंबर. बाईने ओठांतल्या ओठांत तो नंबर दोनदा म्हणून पाहिला.

“दार लावून घेतात,” ती म्हणाली. “भिऊ नका.”

बाईने मान हलवली, पण जागची हलली नाही. तेव्हा तिने कार्डं पिशवीत टाकली आणि म्हणाली, “चला, मी येते दारापर्यंत.”