तीन नंबरच्या टेबलावरचा महादू

"रगत! रगत आलं गो बाय!"

सरूबाईची किंकाळी पत्र्याच्या छपरावर आदळली आणि जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून बसलेली माणसं घास तोंडात तसाच धरून धावली. मुलुंडला आग्रा रोडच्या कडेला असलेल्या त्या शाईच्या कारखान्यात लाल रंगाचं कुणाला अप्रूप नव्हतं. तिथल्या कामगारांची नखंसुद्धा एका हाताची निळी नि दुसऱ्याची लाल असायची. पण लिंबातून लाल? भीमराज महाराज वाकोलेवाले यांनी सुऱ्याने सर्रकन कापलेल्या लिंबातून लालभडक थेंब खालच्या पांढऱ्या फडक्यावर टपटप पडत होते.

महाराज झोकात होते. खाली भगवी लुंगी, वर सफारीचा शर्ट, गळ्यात माळांचा भारा.

"ओम फट्, ओम झट्! हिमालयात फिरलो, बंगालात फिरलो, पण असला खवीस नाही बघितला! बोल, कौन है तू? नाव सांग!"

लिंबू अर्थातच गप्प राहिलं. महाराजांनी त्याला कान लावला. "बोलतोय... हळू बोलतोय... म... म वरून नाव हाय."

"महादू!" सुपरवायझर दत्ताराम परब एकदम ओरडला. "आमचो महादू फिटर! गेल्या वर्षी वारलो तो!"

"महादूच म्हणतोय तो," महाराजांनी लगेच मान डोलावली.

गर्दीतून एक थरार सळसळत गेला. सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून उभी असलेली वनमाला मात्र खांबाआड सरकली. कारण महाराजांचं बोट हळूहळू फिरत तिच्यावरच येऊन थांबलं होतं.

"ह्या बाईच्या उजव्या हातात बसलाय तो. मी शनिवारी परत येतो. तळव्यावर कापूर पेटवला की भडव्याला निघावंच लागेल!"

या प्रकाराचं मूळ होतं तीन नंबरचं टेबल. भरणी खात्यात तीन टेबलं होती. प्रत्येक टेबलावर शाईचं एक मोठं भांडं आणि त्याच्या वर दोन कॉक. एक निळ्या टाकीचा, एक लाल टाकीचा. भांड्यातली शाई खाली गेली की बाईने त्या दिवशीच्या रंगाचा कॉक फिरवायचा, भांडं भरायचं आणि बाटल्या पुढे सोडायच्या. एक आणि दोन नंबरवर सगळं सुरळीत चालायचं. तीन नंबरवर मात्र अधूनमधून निळ्या शाईत लाल धार पडायची. भांडंभर शाई वांग्याच्या रंगाची व्हायची आणि गटारात जायची. आज सरूबाईच्या हातून, उद्या आणखी कुणाच्या. गेल्या महिन्यात तर वनमालेच्या हातून दोनदा झालं, आणि वनमाला ही भरणी खात्यातली सगळ्यांत नेटकी बाई. तिच्याही हातून होतंय म्हटल्यावर हे माणसाचं काम नव्हे, असं दत्तारामने ठरवून टाकलं आणि महाराजांना बोलावलं. महादू फिटर वारला होता तो गावी, काविळीने. पण तीन नंबरचे पाइप त्यानेच शेवटचे जोडले होते, तेव्हा त्याचा जीव तिथेच घुटमळणार ना?

मॅनेजर चंद्रप्रकाश सबनीस यांचा भुतावर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास पाट्यांवर होता. पहिल्यांदा शाई बिघडली तेव्हा त्यांनी तीन नंबरवर 'लक्ष द्या' अशी पाटी लावली. दुसऱ्यांदा बिघडली तेव्हा तीच पाटी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली. वनमालेला त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. पुन्हा झालं तर घरी बसायचं." महाराजांबद्दल विचारलं तर म्हणाले, "लोकांचं समाधान होतंय ना? होऊ दे. काम थांबवू नका म्हणजे झालं."

भांडुपच्या चाळीत त्या संध्याकाळी वनमालेचा हात पिठात होता, पण मन ठिकाणावर नव्हतं. नवरा बाळा गिरणीतून संपात बाहेर पडला तो पडलाच. आता कुठे रखवालदारी, कुठे हमाली. घर तिच्या पगारावर उभं होतं.

"हातावर कापूर?" बाळा भडकला. "वेड लागलंय काय तुला? मी येतो नि त्या बाबाला बघतो!"

"नको हो. मारामारी केलीत तर नोकरी आजच जाईल." मग पिठातला हात वर धरून बघत हळूच म्हणाली, "अहो, पण खरंच कळत नाही. मला माहीत असतं कुठला कॉक फिरवायचा. तरी हात भलतीकडेच जातो. माझा हात माझं ऐकत नाही म्हणजे काय समजायचं?"

बाळाने तिचा पिठाळ हात धरून उलटसुलट करून बघितला.

दुसऱ्याच दिवशी कारखान्यात नलिनी दिघे आल्या. हेड ऑफिसने कामगारांना 'कामातल्या चुका कमी करण्याचं' शिक्षण द्यायला पाठवलेल्या. सुती साडी, खांद्याला झोळी, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. कँटीनमध्ये सगळ्यांना बसवलं, तेव्हा आता उपदेश ऐकावा लागणार म्हणून माणसं आधीच जांभया देत होती.

"चुकणारी माणसं शोधायला मी आलेली नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "चूक होते कशी, ते शोधायला आलेय. तुमच्यापैकी कुणी कधी साखर समजून चहात मीठ घातलंय?"

मग कँटीनच्या अंजनाबाईंनी मोरीजवळून आवाज दिला, "मी घातलंय! सबनीस साहेबांच्या!"

हसण्याचा एकच गदारोळ झाला.

"का झालं तसं?"

"अहो, दोन्ही डबे सारखेच. आणि साहेबांची घाई."

"आता?"

"आता मिठाचं मडकंच वेगळं केलंय. डोळे मिटून हात घातला तरी कळतं."

"अंजनाबाई, माझा तासभर वाचवलात तुम्ही," नलिनीबाई म्हणाल्या.

वनमाला कोपऱ्यात बसली होती. वर्ग संपल्यावर नलिनीबाई तिच्याजवळ आल्या. सरूबाईने त्यांच्या कानात महादूची सगळी गोष्ट घातलीच होती. वनमालेला वाटलं, आता ह्या विचारणार की लक्ष कुठे होतं. पण बाई म्हणाल्या, "मला ते टेबल दाखवता? मीच चालवून बघते."

तीन नंबरवर वनमालेने समजावलं, "हे भांडं निळ्याचं. आणि मॅडम, इथं उलटं आहे हां. बाकी टेबलांवर डावा कॉक निळा, इथं उजवा निळा. महादूने गळती काढताना पाइप आडवे-तिडवे जोडले, तेव्हापासनं. सगळ्यांना माहीत आहे, लक्षात ठेवायचं फक्त."

"डावा लाल, उजवा निळा. कळलं." बाई कामाला लागल्या. आधी एक नंबरवर थोडा वेळ हात बसवला, मग तीन नंबरवर आल्या. भांडं खाली जात होतं. तेवढ्यात बाहेर ट्रकवाल्याने हॉर्नचा भोंगा धरला, दत्ताराम दारातून ओरडला, "माल खंय? गाडी सुटतली!" नलिनीबाईंनी झटकन हात वर केला आणि कॉक फिरवला.

डावा.

लाल धार भळकन निळ्यात पडली.

"महादू!" सरूबाई किंचाळली. "महादू मॅडमना लागला!"

सगळे दोन पावलं मागे सरले. नलिनीबाईंच्या पदरावर जांभळी नक्षी उमटली होती. त्यांनी एकदा कॉककडे बघितलं, एकदा स्वतःच्या हाताकडे, आणि त्या खळखळून हसू लागल्या. वनमालेला आधी भीती वाटली, खरंच लागलं की काय. मग तिच्या लक्षात आलं, तिच्या हाताने जे केलं होतं तेच, अगदी तसंच, या शिकलेल्या बाईच्या हाताने केलं होतं.

"वनमालाबाई," नलिनीबाई म्हणाल्या, "तुमच्या हातात कुणी बसलेलं नाही. तुमच्या हाताला चांगली सवय लागलीय, एवढंच. दोन टेबलांवर डावीकडे निळा, तिसऱ्यावर उजवीकडे. निवांत असताना डोकं हाताला थांबवतं. घाईत डोकं ट्रककडे जातं, आणि हात सवयीने जायचा तिथेच जातो. शाई बिघडली त्या दोन्ही वेळा घाई होती?"

वनमालेने आठवून बघितलं. एकदा ट्रक. एकदा साहेब मागे उभे राहून घड्याळ बघत होते.

"होती," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

शनिवारी महाराज कापराची पुडी आणि नवं लिंबू घेऊन हजर झाले. सगळं खातं अंगणात गोळा झालं. बाळाही आला होता, मुठी आवळून. सबनीस साहेब केबिनच्या दारात उभे.

"महाराज, कापूर नंतर," नलिनीबाई नम्रपणे म्हणाल्या. "महादू अजून आहे का, ते आधी बघू. लिंबू तुमचंच कापा. सुरी मात्र आमच्या अंजनाबाईंची घ्या."

महाराजांनी सुरीकडे असं बघितलं जणू ती साप होती. "ती कांद्याची सुरी! मंत्र चालत नाही तिच्यावर!"

"खविसाला कांद्याचं वावडं?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला. दत्तारामच पुढे झाला. त्यालाही आता राहवत नव्हतं. "कापूया ना महाराज. तुमचा लिंबू अस्सल आसा मा?"

त्याने सुरी घेतली आणि महाराजांच्या हातातलं लिंबू कापलं. पिवळट रस निघाला. रक्ताचा टिपूस नाही.

"गेला! घाबरून गेला!" महाराज गरजले. "माझ्या नुसत्या पावलाने गेला!"

"मग परत बोलावू या," नलिनीबाई म्हणाल्या. गेटजवळच्या जास्वंदीची दोन लाल फुलं त्यांनी तोडून आणली आणि वनमालेच्या हातात दिली. "सुरी पुसून घ्या. पात्यावर ही फुलं चांगली घासा. आता वाळू द्या थोडं."

पात्यावर काळपट जांभळा डाग राहिला. लांबून बघणाऱ्याला गंज वाटावा असा. अंजनाबाईंनी कँटीनमधलं लिंबू आणून दिलं. वनमालेने लिंबू कापलं आणि तिच्याच बोटांमधून लाल थेंब ओघळले.

मग सरूबाई म्हणाली, "आग बाय! म्हणजे रगत नाय, फुलाचा रंग हाय?"

"फुलाचा रंग आणि लिंबाचा आंबटपणा, दुसरं काही नाही. जास्वंदीचा रस आंबटात गेला की लाल होतो. महाराज, तुमचा सुरा जरा दाखवता का?"

महाराजांना एकाएकी वाकोल्याला एका आजाऱ्याकडे जायचं असल्याचं आठवलं. बाळा वाटेत आडवा उभा होता. त्याने त्यांच्या हातातली कापराची पुडी तेवढी काढून घेतली आणि बाजूला झाला. लुंगी सावरत महाराज गेटबाहेर पडले, तेव्हा टाळ्या त्यांच्यासाठीच वाजत होत्या.

"चला," सबनीस साहेब समाधानाने म्हणाले. "भूत नाही हे ठरलं. म्हणजे मी म्हणत होतो तेच. निष्काळजीपणा!"

वनमालेचा चेहरा पुन्हा उतरला.

"साहेब, तुम्ही तर काळजीपूर्वक काम करणारे," नलिनीबाई म्हणाल्या. "जरा तीन नंबर चालवून दाखवा. शाई वाया नको जायला, भांड्याऐवजी बादली ठेवते. आधी एक नंबरवर हात बसवा."

साहेब बाह्या सरसावून उभे राहिले. एक नंबरवर त्यांचा हात झकास बसला. तीन नंबरवर आल्यावर त्यांनी मोठ्याने म्हटलं, "इथं उलटं. माहीत आहे मला." पहिल्यांदा बरोबर फिरवला आणि ऐटीत मागे बघितलं. मग केबिनमध्ये फोन खणखणला. दत्ताराम ओरडला, "साहेब, हेड ऑफिसचो फोन!" बादली अजून भरायची होती. साहेबांनी घाईघाईने हात टाकला.

लाल धार बादलीत आदळून थेट त्यांच्या पांढऱ्या पँटवर उडाली. डोक्यावर 'लक्ष द्या' ही पाटी, केवढ्या तरी अक्षरांत.

कुणाला हसायचा धीर होईना. शेवटी वनमालाच पुढे झाली. तिने कॉक बंद केला, फडकं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या हातात महादू नाही हो. माझ्याही नव्हता."

सबनीस साहेब पँटकडे बघत राहिले. मग, त्यांच्या बाजूने एवढं सांगायलाच हवं, ते स्वतःच हसले. "दत्ताराम, फिटरला बोलाव," ते म्हणाले. "पाइप सरळ करून घ्या. आणि ती पाटी काढा रे आधी."

पाइप सरळ झाले. नलिनीबाईंच्या सांगण्यावरून निळ्याच्या कॉकला गोल मूठ आणि लालच्या कॉकला लांब दांडा बसवला, म्हणजे न बघताही हाताला फरक कळावा. ट्रक आला तरी भांडं भरताना कुणी मागून ओरडायचं नाही, असंही ठरलं. दत्तारामला ते सगळ्यांत जड गेलं.

जायच्या दिवशी नलिनीबाई खात्यात उभ्या राहून म्हणाल्या, "भूत म्हटलं की शोध संपतो. निष्काळजीपणा म्हटलं तरी शोध संपतोच. दोन्ही वेळा आपण एका बाईकडे बोट दाखवून मोकळे होतो, आणि पाइप तसेच आडवे राहतात. माणूस आहे, तो चुकणार. त्याला कापराने भाजू नका, पाट्या लावून घाबरवू नका. कशामुळे झालं, एवढं विचारा. पुन्हा पुन्हा विचारा."

बोलणं सोपं होतं. पण वनमालेला ते पटलं ते पुढे एका दुपारी. दोन नंबरवर काम करताना तिने निळ्या शाईच्या बाटल्यांना लाल शाईची लेबलं लावायला घेतली. अर्ध्यावर तिच्या ध्यानात आलं. पूर्वीची वनमाला असती तर घाम फुटला असता, बाटल्या गुपचूप मागे सारल्या असत्या. तिने हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "थांबा गं, माझं चुकलं!"

बाटल्यांची रांग थांबली. कुणी मागे सरलं नाही, कुणी महादूचं नाव काढलं नाही. दत्ताराम जवळ आला, लेबलांचे दोन्ही गठ्ठे हातात घेऊन निरखले आणि म्हणाला,

"अगो, गठ्ठे एकाच खोक्यात ठेवलेत कुणी? चल, आधी दोन्ही रंगांची खोकी वेगळी करूया."