अंतर किती धरलं?

आमच्या वेधशाळेत एका दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर मोजायचं काम चार वर्षं चाललं होतं, आणि चारही वर्षं त्याची वजनं दोन होती. ताऱ्यांच्या वेगावरून मोजणाऱ्या सरांचं उत्तर सहाशे कोटी सूर्य, वायूच्या वेगावरून मोजणाऱ्या मॅडमचं तीनशे कोटी. सर आणि मॅडम पूर्वी नवरा-बायको. आता समोरासमोरच्या खोल्यांत बसायचे, आणि मधे मी, कंत्राटी संशोधक.

"त्यांना म्हणावं, वायू भरकटतो. कुणाकुणासारखाच," सर सांगायचे.

"त्यांना म्हणावं, तारे म्हातारे झालेत. कुणाकुणासारखेच," मॅडम सांगायच्या.

मी आपली निरोप पोचवायचे. करते काय?

सोमवारी संचालकांनी बजावलं, "शुक्रवारपर्यंत एकच आकडा द्या, नाहीतर तुमचं कंत्राट संपलं. अहो, मधला काढा ना! साडेचारशे!" कृष्णविवराचा भाव करायला बसले होते जणू.

आईचं फोनवर वेगळंच. "एवढं शिकलीस आणि साधं वजन करता येईना?"

शेवटी मीच दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या आणि कपाळावर हात मारला. वेग दोघांचे बरोबर होते. पण वजनाचं गणित दीर्घिका किती लांब आहे त्यावर चालतं. अंतर दुप्पट धरलं की वजन दुप्पट. सरांनी धरलं होतं बारा कोटी प्रकाशवर्षं, मॅडमनी सहा. वेगळं होताना दोघांनी कपाटं वाटून घेतली, तेव्हा सुधारलेल्या अंतराची फाइल मॅडमकडे गेली आणि जुनी सरांकडे राहिली. मागायची कशी? जीभ झडली असती ना!

शुक्रवारच्या बैठकीत मी म्हणाले, "सगळा घोळ तुमच्या अंतराचा आहे."

"तो आमचा खासगी प्रश्न आहे," दोघं एकदम म्हणाले. चार वर्षांतलं पहिलं एकमत.

"दीर्घिकेचं अंतर हो! किती धरलंत?"

सरांनी सांगितलं. मॅडमनी सांगितलं.

"विचारायचं होतंत," मॅडम थेट त्यांच्याकडे बघून म्हणाल्या. "मी कुठे अंतर दिलं होतं? तुम्ही दिलंत."

"चुकलं माझं," सर चष्मा पुसत म्हणाले. गणितात की आणखी कशात, ते कुणी विचारलं नाही.

तीनशे कोटींवर दोघांच्या सह्या झाल्या. मी नाचतच संचालकांकडे कंत्राट मागायला गेले.

"वा, वा! पण तुमची जागा 'दोन मापांतील तफावत' या सदरात मंजूर होती. आता तफावतच उरली नाही."

"तुम्हीच म्हणालात, आकडा द्या, नाहीतर कंत्राट संपलं!"

"नाही दिलात तर संपेल म्हणालो. दिलात तर राहील, असं कुठे म्हणालो?"

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. मला तो लाभ भांडण मिटल्यावर कळला. समोरच्या खोलीत दोघं खिदळत होते आणि मी टेबल आवरत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का गं वजन?" आईने विचारलं.

"झालं, आई. अगदी बरोबर झालं," म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं.