मावशींचे पांढरे झगे

मित्रांनो, चर्चच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली एक जुने काळे शिलाई मशीन तुम्ही पाहिले असेल. ते मी.

मी कोरे करकरीत असताना मावशींनी मला आणले. सगळी मंडळी त्यांना मावशीच म्हणे. आमची मंडळी बॅप्टिस्ट पंथाची. इथे बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, घेणाऱ्याला हौदात पूर्ण बुडवतात. त्यासाठीचे पांढरे झगे मावशी माझ्यावर शिवत. झगा पाण्यात तरंगू नये म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे घालत. त्यावर आपटून एकदा माझी सुई मोडली, तर त्यांनी चक्क माझीच माफी मागितली.

तो हौद त्यांच्या यजमानांनी बांधला होता. ते गवंडी. पण उपासनेला कधी आत आले नाहीत. मावशींना दारापर्यंत सोडून बाहेर कठड्यावर पेपर वाचत बसत. अशी सत्तावीस वर्षे गेली. बायका म्हणत, जरा मागे लागा त्यांच्या. मावशी नुसत्या हसत आणि पायडल मारत.

पुढे सिमेंटची धूळ यजमानांच्या छातीत बसली, काम सुटले. एका दुपारी ते धापा टाकत माझ्याजवळ येऊन बसले.

"एक झगा माझ्या मापाचा शिवशील का?"

मावशींना त्यांची मापे पाठ होती, तरी टेप काढली. "छाती दोन इंच उतरलीय तुमची," एवढेच म्हणाल्या. त्या दुपारी दोरा चारदा तुटला. दोष माझा नव्हता.

डॉक्टरांनी गार पाण्याला साफ मनाई केली. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत थांबू. पण थांबायला वेळ कुठे होता? मावशींनी घरोघरी निरोप धाडले. रविवारी बायका पातेली, किटल्या, बादल्या भरून कढत पाणी घेऊन आल्या. हौद कोमट झाला. यजमान पाण्यातून वर आले, ओल्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गळत नाही कुठं."

मंडळी हसली. मावशी टॉवेलात तोंड खुपसून रडल्या.

चार महिन्यांनी ते गेले. मावशी मात्र नजर अधू होईपर्यंत शिवत राहिल्या. आता त्याही नाहीत. झगे तयार मिळतात, माझा पट्टा उंदरांनी कुरतडला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असे मशीन असेल, तर त्याला अधूनमधून दोन थेंब तेल द्या. आणि ते चालवणारीजवळ घटकाभर बसा. शेवटी शेवटी मावशी, सुईत दोरा ओवून द्यायला कुणी येईल, म्हणून वाट पाहत बसत. माझ्याकडे सुई होती, दोरा होता. हात तेवढे नव्हते.