अत्तिंबेरांचा शर्ट

माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे माझे अत्तिंबेर, आयुष्यभर वस्तू मोडत आले. तिरुचीच्या इंजिनियरिंग कॉलेजात लोखंडाची कांब यंत्रात घालायची, ताण देत जायचं आणि ती कधी तुटते ते पोरांना दाखवायचं, हा त्यांचा धंदा. घरात मात्र या माणसाच्या हातून कधी कपबशी फुटली नाही. मुकुंदन बारावीला होता तेव्हा विभागप्रमुखाची खुर्ची नको म्हणाले, का तर संध्याकाळी पोराचा अभ्यास घ्यायचा होता. वैदेहीला वीणेच्या शिकवणीला सायकलवरून नेत आणि ती संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून पेपर तपासत. एवढं करून पोरं काय निघाली, ते आता ऐका.

कोमळाअक्काला विसरण्याचा आजार जडला. आधी सांबारात मीठ दोनदा पडायला लागलं, मग शेजारणीचं नाव गेलं, मग माझं. सख्ख्या बहिणीला ती दूधवाली म्हणते. म्हणू दे. नवऱ्याला मात्र ओळखायची. निवृत्त झाल्यावरही अत्तिंबेर सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत. आमच्या श्रीरंगमात सगळे म्हातारे उघड्या अंगाने वावरतात, यांना ते चालत नसे. अक्का त्यांच्या खिशात दोन पेनं खोचायची, एक निळं, एक तांबडं. मग दिवसभर येऊन येऊन खिसा चाचपायची. "आहेत ना पेनं?" म्हणायची आणि शांत व्हायची.

मुकुंदन बंगळुरूला, वैदेही अमेरिकेत. दोघांनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं की अम्माला कोइमतूरच्या एका संस्थेत ठेवायचं. तिथे नवऱ्यांना ठेवून घेत नाहीत.

"अप्पा, या वयात तुम्ही तिला न्हाऊ घालताय. उद्या तुम्हीच पडलात तर?" मुकुंदन घरी येऊन म्हणाला. आवाजात साखर घोळलेली.

अत्तिंबेरांनी चष्मा पुसला. "चाचणी घेऊ," म्हणाले.

ऐंशी झाली की आमच्यात नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावतात. शताभिषेक म्हणतात. सगळं गोत जमतं. तो महिन्यावर आला होता.

"त्या दिवशी कोमळा माझ्या शेजारी बसली आणि तिनं माझ्या हातून मंगळसूत्र बांधून घेतलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर तू म्हणशील तसं."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "अत्तिंबेर, बायको आहे ती. तुमची कांब नव्हे."

"पद्मा, कॉफी उतू जातेय," म्हणाले. झालं. यापुढे त्यांच्याशी बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. दिवाणखान्यात दोन पाट. मी एका हाताने ताट बडवायची, दुसऱ्या हाताने धुपाचा धूर सोडायची, म्हणजे अक्काला त्या दिवशीच्या गोंगाटाची सवय व्हावी. अत्तिंबेर तिच्या डोक्यावर तांब्याभर पाणी घालत आणि गळ्यात हळदीचा दोरा बांधत. सुरुवातीला तिनं दोरे तोडून फेकले. मग तोडायची थांबली. शेवटी शेवटी तर पाटावर बसली की खिसा चाचपायची आणि आपणहून मान पुढे करायची. तेव्हा अत्तिंबेर माझ्याकडे असे बघत की जणू पोरगं पहिलं आलंय.

शताभिषेकाच्या दिवशी मांडव माणसांनी भरला. वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, आले, मंत्र सुरू करण्याआधी म्हणाले, "प्रोफेसर सर, शर्ट काढून या. पंचा नीट कासोटा घालून नेसा. चष्माही ठेवा, पाणी पडेल."

अत्तिंबेरांनी शर्ट काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. लग्नाला शर्ट घालून बसतो कोण?

कलशांचं पाणी पडेपर्यंत अक्का डोळे मिटून बसली होती. मग नादस्वर चढला, आणि अत्तिंबेर मंगळसूत्र घेऊन तिच्याकडे वाकले. अक्काचा हात सवयीनं खिशाकडे गेला. तिथे ओली कातडी आणि पांढरे केस. तिनं डोळे उघडले.

"हा कोण म्हातारा? माझ्या गळ्याला हात घालतोय. माझे यजमान कॉलेजात गेलेत, त्यांना कळलं तर तुझं काही खरं नाही."

"कोमळा, मी आहे," अत्तिंबेर म्हणाले.

तिनं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. नादस्वरवाल्याला कुणी थांब म्हणालं नाही, तो वाजवतच राहिला.

"बघितलंत ना, अप्पा," वैदेही म्हणाली.

अत्तिंबेर उठले, खुर्चीपाशी गेले, शर्ट घातला. बटणं लावायला वेळ लागला, मनगटातून रक्त येत होतं. मग अक्कासमोर येऊन उभे राहिले. तिनं खिसा चाचपला आणि तिचा चेहरा उजळला.

"आलात? अहो, एक घाणेरडा म्हातारा माझ्या अंगाशी येत होता."

"घालवला त्याला," अत्तिंबेर म्हणाले.

मी मुकुंदनचा दंड धरला. "बघ, ओळखते की नाही? शर्टानं घोळ केला. पुन्हा बसव दोघांना."

"चित्ती," भाचा मला, मावशीला म्हणाला, "अट मी घातली होती का?"

मला वाटलं, आता तरी अत्तिंबेर भांडतील. ते म्हणाले, "पद्मा, मी चाचणी चुकीच्या कपड्यांत घेतली. जे त्या दिवशी अंगावर असणार तेच घालून घ्यायची असते, हे पोरांना मीच शिकवलं. पण निकाल लागला." जन्मात कुणाचा एक मार्क वाढवून दिला नाही, स्वतःचा कसा देतील? मला त्यांचा इतका राग आला की रडूच फुटलं.

मुकुंदनची रजा संपत होती, म्हणून त्याच संध्याकाळी त्याने गाडी फाटकाबाहेर आणून लावली. अक्का मात्र नवऱ्याचा खिसा मुठीत धरून बसलेली. सुटेना.

"अप्पा," मुकुंदन हळूच म्हणाला, "तुम्ही हा शर्ट घालून समोर आहात तोवर ती गाडीत बसणार नाही. जरा काढता का?"

"मुडद्या, खुर्ची सोडली त्यांनी तुझ्यासाठी," मी म्हणाले. पुढचे शब्द लिहीत नाही.

अत्तिंबेरांनी तिची मूठ एकेक बोट करून सोडवली. "कॉलेजात जाऊन येतो," म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. मागच्या दाराने अंगणाला वळसा घालून फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. उघडे, चष्म्याशिवाय.

"चल अम्मा, अप्पांना आणायला जाऊ," मुकुंदन म्हणाला. अक्का हौसेनं उठली. केसांवरून हात फिरवून, पदर नीट करून गाडीत बसली. काचेतून तिला फाटकाजवळचा माणूस दिसला.

"ए दूधवाली, तो मेला अजून इथेच आहे. फाटकाला कडी घाल, नाहीतर आत शिरेल."

मी जागची हलले नाही. गाडी सुरू झाली तरी अक्का मान वळवून बघतच होती, कासावीस होऊन काचेवर हात मारत होती.

"पद्मा, लाव कडी," अत्तिंबेर म्हणाले. "तिला दिसू दे."

मी त्यांना बाहेर ठेवून फाटकाची कडी लावली. अक्का हसली आणि नीट सरळ बसली.