असोद्याचा गडी

"उठू नको भाऊ, पाय मुडेल शे तुना," धुळ्याच्या संघातला भिकन त्याच्यावर वाकून म्हणाला.

लीलाधर हुतूतूच्या मैदानात, मातीत पालथा पडला होता. ओठांना माती चिकटली होती. उजव्या गुडघ्यात कोणीतरी विळा खुपसून तो आतल्या आत फिरवत असावं, असं त्याला वाटत होतं. भिकनने त्याला उताणा केला, काखेत हात घालून बसवलं आणि आपल्याच पंच्याने त्याचं तोंड पुसलं. दोघांची ओळख तासाभराची. त्यातही भिकनच्याच पकडीतून निसटताना लीलाधर पडला होता.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत गुजराथी सर आत आले. ते कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि जिमखाना सांभाळत. त्यांनी गुडघ्याला हात लावला नाही, वरूनच पाहिलं.

"मुरगळलाय. घट्ट पट्टा बांधा."

"सर, भार टाकवत नाही," लीलाधर म्हणाला.

"भार टाकायला सांगतंय कोण? रेघेजवळ उभा राहा. तू नुसता उभा असलास तरी ते बिचकतात." मग सर वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "युनिव्हर्सिटीच्या संघाची निवड करणारे गृहस्थ समोर बसलेत. आज संघ हरला तर जळगावच्या कॉलेजाचं नाव वर्षभर कोणी घेणार नाही. ऊठ."

कर्णधार रुपचंदने पट्टा आवळला. जळगावच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा दिसायला देखणा होता आणि हुतूतूत चपळ होता. लीलाधरला त्याने एका बाजूने धरून उभं केलं आणि लोकांकडे बघून हात हलवला. टाळ्या झाल्या.

शेवटचा दम घेऊन भिकनच आला. लीलाधरला टाळून तो मुद्दाम पलीकडच्या कोपऱ्याकडे वळला. परत जाताना मात्र त्याला रेघेजवळूनच जावं लागणार होतं. तो जवळून निघाला तशी लीलाधरने झेप टाकली आणि त्याचा घोटा धरला. भिकनने जोर लावला. त्या ओढाताणीत लीलाधरचा पाय अंगाखाली दुमडला आणि सुकी काठी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज भिकनने ऐकला. त्याच्या तोंडातलं हुतूतू तिथंच थांबलं.

"अरे देवा," तो म्हणाला.

दम तुटला. जळगावचा संघ जिंकला.

*

लीलाधर पितांबर नेहेते हा असोद्याचा. घरची केळी आणि कपाशी. मॅट्रिक तिसऱ्या खेपेला पास झाला, तोवर त्याचं लग्नही होऊन गेलं होतं. पुढे शिकायचं त्याच्या मनात नव्हतं, घरच्यांच्याही नव्हतं. पण गावच्या जत्रेत गुजराथी सरांनी त्याला हुतूतू खेळताना पाहिलं. चार गडी अंगावर घेऊन तो रेघेपर्यंत सरपटत आला होता. दुसऱ्या आठवड्यात सर टांगा करून थेट घरी आले, ओट्यावर बसले, कोट न काढता ताक प्याले.

"नाना, मुलगा आम्हाला द्या," ते पितांबरनानांना म्हणाले. "फी नाही, खोली आमची, खाणंपिणं आमचं. बी.ए. होऊन बाहेर पडेल. कॉलेज त्याला सांभाळील."

नानांना ते बोलणं फार आवडलं होतं. एवढा शिकलेला माणूस आपल्या दारी येऊन मुलगा मागतो, म्हणजे सोयरीक जुळवायला आल्यासारखंच ते. त्यांनी लीलाधरला विचारलंसुद्धा नाही. सरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाले, "घेऊन जा. तुमचाच आहे."

धुळ्याहून संघ चाळीसगावमार्गे रेल्वेने परतला. जळगाव स्टेशनावर बँड होता, हार होते. मुलांनी ढाल डोक्यावर घेतली, रुपचंदला खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक निघाली. लीलाधरला फलाटावरच्या बाकावर बसवून कोणीतरी म्हणालं, "थांब, टांगा पाठवतो." बँडचा आवाज गावात शिरला, लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. टांगा आला नाही. केळीचे घड मालगाडीत चढवून एक बैलगाडी रिकामी परत चालली होती. गाडीवान असोद्याचाच निघाला. त्याने लीलाधरला केळीच्या सुक्या पानांवर आडवं केलं आणि घरी आणून सोडलं.

मेहरूणच्या हाडवैद्याने पंधरा दिवस लेप दिले. सूज उतरली, पण पाय वाकेना. मग नानांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "पहिल्यांदा दुखावला, त्यानंतर ह्या पायावर उभं केलं का कोणी?"

"खेळलो," लीलाधर म्हणाला.

डॉक्टर हात धुवायला गेला. हात पुसतच त्याने सांगितलं, "आता हा असाच राहील."

महिन्याभराने काठी टेकत तो कॉलेजात परतला. खेळाडूंच्या खोलीत त्याच्या जागेवर दुसऱ्याचा बिछाना होता. त्याची पेटी व्हरांड्यात होती. रात्री तो खानावळीत पाटावर बसायला गेला, पण पाय पुढे ताठ राहिला. समोरच्या मुलाने आपलं ताट थोडं मागे ओढलं. वाढप्याने सगळ्यांना दूध दिलं आणि त्याला ओलांडून तो पुढे गेला.

"माझं राहिलं," लीलाधर म्हणाला.

"दूध टीमवाल्यांना असतं," वाढपी म्हणाला. "सरांनी तसं सांगितलंय."

लीलाधर सरांना भेटायला गेला. सर जिमखान्याच्या दारात एका नव्या मुलाच्या दंडाचा घेर पाहत होते. लीलाधरला पाहून ते मनापासून हसले.

"अरे वा, चालायला लागलास! छान. आता अभ्यासाकडे लक्ष दे."

"सर, खोली…"

"खोली खेळाडूंची आहे, बाळ. तुझं गाव कुठं लांब आहे? जाऊन येऊन कर की."

मग तो असोद्याहून जाऊन येऊन करू लागला. सकाळी एखादी गाडी मिळे, संध्याकाळी बहुधा मिळत नसे. घरी पोचल्यावर बेबाबाई, त्याची बायको, चुलीवरचं पाणी काढी आणि गुडघा शेके. शेकताना ती कधी वर पाहत नसे.

पाय शेकायला घरी येतो, एवढंच त्याने नानांना सांगितलं होतं; कॉलेजातलं काहीच सांगितलं नव्हतं. नाना गावात सांगत, "कॉलेजासाठी पाय देला पोरानं. कॉलेज इसरनार नही."

*

माघात कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं. संमेलनाचा चिटणीस तोताराम एक दिवस स्वतःहून लीलाधरच्या बाकाजवळ आला. आजवर हा मुलगा त्याच्याशी कधी बोलला नव्हता.

"शनिवारी यायचं हं नक्की. तुला शेला-पागोटं द्यायचं ठरलंय."

"मला?"

"मग! ढाल कुणामुळं आली? घरच्यांनाही आण. वडील आहेत ना?"

मागच्या बाकावर दोघे-तिघे खोकले. लीलाधरचं तिकडे लक्ष गेलं नाही. शेला आणि पागोटं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. असोद्यात व्याह्याला देतात, पाहुण्याला देतात, कुस्ती मारणाऱ्या मल्लाला पंचांच्या हातून देतात. कॉलेजातल्या शेला-पागोट्याचा अर्थ वेगळा असतो हे त्याला कोण सांगणार? त्याचं हे पहिलंच संमेलन होतं.

त्या संध्याकाळी तो बऱ्याच दिवसांनी घरी मोठ्याने बोलला. नानांनी लग्नातला कोट काढून उन्हात टाकला. बेबाबाईने हिरवं लुगडं नेसायचं ठरवलं.

शनिवारी मांडव भरला होता. पुढे खुर्च्यांवर प्रोफेसर आणि गावातली बडी मंडळी, मागे सतरंज्यांवर मुलं. नाना आणि बेबाबाई अगदी शेवटी खांबाजवळ बसले. आधी ढाल दाखवण्यात आली. मग युनिव्हर्सिटीच्या संघात निवड झाली म्हणून रुपचंदला हार घालण्यात आला. गुजराथी सरांनी इंग्रजीत भाषण केलं. त्यात लीलाधरचं नाव नव्हतं. नानांना इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून ते प्रत्येक टाळीला टाळी देत होते.

भाषणं संपली, बडी मंडळी चहाला उठली. मग तोताराम रंगमंचावर आला आणि मांडवात एकच कल्ला झाला. "शेलापागोटे! शेलापागोटे!"

पहिलं एका टकल्या प्रोफेसरांना मिळालं. त्यांना कंगवा देण्यात आला, तेही हसले. दुसरं एका तोतऱ्या मुलाला. तो उठून बाहेर पळाला. लीलाधर रंगमंचाच्या पायऱ्यांशी उभा होता. काय चाललंय ते त्याच्या ध्यानात यायला लागलं, तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं. दोघांनी त्याला दंडांना धरून वर चढवलं. रंगीत कागदाचं पागोटं त्याच्या डोक्यावर बसलं. त्याला दोन शिंगं होती. खांद्यावर बारदानाचा शेला पडला. तोतारामने घसा साफ केला आणि चालीवर म्हटलं,

"असोद्याचा वृषभराज हा, कॉलेजाची शान,
तीन पायांवर राखियला ज्याने आमुचा मान;
'अनफिट' झाला, 'रिटायर' झाला, परी न सोडी ठाव,
पांजरपोळी शोभे ज्याला लीलाधर हे नाव!"

म्हाताऱ्या, लंगड्या गुरांच्या पांजरपोळाची ती शेवटची ओळ हशात पार बुडाली. मुलं एकमेकांच्या अंगावर पडत होती. पहिल्या रांगेत रुपचंद हार घालून बसला होता. तो खाली मान घालून हसत होता.

लीलाधरने पागोटं काढायला हात वर नेला आणि तो तसाच राहिला. मांडवाच्या शेवटी, खांबाजवळ, नाना उभे राहिले होते. दोन्ही हात जोडून ते चारी बाजूंना वळून सगळ्यांना नमस्कार करत होते.

तोतारामनेही ते पाहिलं. "अरे, वडील आले आहेत वाटतं! या, या, वर या!"

मुलांनी वाट करून दिली. नाना कोट सावरत वर आले. कोणीतरी लीलाधरच्या डोक्यावरचं पागोटं उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवलं. "बोला नाना, दोन शब्द बोला!"

"आम्ही अडानी मानसं," नाना म्हणाले. "माह्या पोराले तुम्ही एवढा मान देला. त्याचा पाय गेला तव्हा मले वाईट वाटलं व्हतं. आता नही वाटत. भगवंत तुमचं बठ्ठ्यायचं भलं करो."

हशाचा लोट आला. शिट्ट्या वाजल्या. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. शिंगांपैकी एक कलंडून कानावर आलं होतं.

लीलाधरला वाटलं, ओरडून सांगावं. नाहीतर तोतारामचा गळा धरावा, तेवढी ताकद अजून हातात होती. पण तसं केलं असतं तर ते सगळं नानांना कळलं असतं. त्याने काठी टाकली आणि तो वडिलांच्या पाया पडायला वाकला. गुडघा वाकला नाही. तोल जाऊन तो एका बाजूला फळ्यांवर आपटला. मांडव पुन्हा हसला. नानांनीच त्याला धरून उठवलं.

परतीच्या वाटेवर गाडीत नाना एकटेच बोलत होते. बेबाबाई मागे बसली होती. गाव जवळ आल्यावर तिने नवऱ्याला हलकेच विचारलं, "लोकं काहून हासत व्हते?"

"आनंदानं," लीलाधर म्हणाला.

गाडीतून उतरताना तिने बारदानाचा तो तुकडा त्याच्या खांद्यावरून काढून घेतला आणि सकाळी न्हाणीघराच्या दाराशी पाय पुसायला टाकला.

तो पुन्हा कॉलेजात गेला नाही. विचारायलाही कोणी आलं नाही. केळीच्या बागेत बसून करता येईल ते काम तो करू लागला.

चैत्रात एका संध्याकाळी नाना गावातल्या चार म्हाताऱ्यांना घेऊन ओट्यावर आले. सगळे टेकून बसले. आतून तांब्या-भांडं आलं.

"लीलाधर," नानांनी हाक मारली. "ते तुझ्यावरचं गानं म्हनून दाखव यायले. वृषभराज म्हने, राज! पन ते तीन पाय कसे रे?"

"काठी धरून तीन, नाना."

"हां, बराबर." नाना म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाले, "शेवटली वळ मले आयकू आली नही. असा गलका झाला!" मग ते मुलाला म्हणाले, "म्हन. पाय दुखत असीन तर बसून म्हन."

लीलाधर बसला नाही. खांबाला हात देऊन तो सरळ उभा राहिला. चालीवर त्याने पहिल्या तीन ओळी म्हटल्या, तोताराम म्हणाला होता तशाच, एक शब्दही न बदलता. आत बेबाबाईच्या जात्याची घरघर चालली होती. तिसऱ्या ओळीनंतर तो थांबला, तशी ती घरघरही थांबली.

"पुढं?" नाना म्हणाले.

"घरोघरी गाजे ज्याचे लीलाधर हे नाव," तो म्हणाला.

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. नानांनी डोळे मिटून घेतले होते.

"अजून एकडाव म्हन," ते म्हणाले.